कामाचा उंबरठा

यंत्रात सापडून मजुराचा हात तुटला, तर ती नुकसानी कोणाच्या खाती मांडावयाची, हा प्रश्न वरवर पाहता हिशेबाचा दिसतो. परंतु त्याचे उत्तर शोधण्यात आपल्या देशातील न्यायासनांची दीडशेहून अधिक वर्षे गेली आहेत, आणि ते उत्तर अद्याप पुरतेपणी हाती आले आहे असे म्हणवत नाही. राजे, लढाया आणि तह ह्यांचा इतिहास आपण आवडीने वाचतो. कायद्याच्या एका कलमातील चार शब्दांचा इतिहास वाचावयाचा प्रसंग सहसा येत नाही. तथापि ज्या घरातला कर्ता पुरुष सकाळी डबा घेऊन बाहेर पडला आणि परतला नाही, त्या घराच्या दृष्टीने त्या चार शब्दांचे मोल कोणत्याही तहाहून कमी नसते. ‘कामातून व कामाच्या ओघात’ हे ते शब्द होत. त्यांचा प्रवास कसा झाला, न्यायाधीशांनी ते कोठे सैल सोडले आणि कोठे आवळले, ह्याचा आढावा घेण्याचा आमचा विचार आहे.

१

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मजूर कोर्टात दिसे तो बहुधा आरोपी म्हणून. १८५९ च्या तेराव्या कायद्याने, आगाऊ पैसे घेऊन काम टाकणाऱ्या कारागिरास वा मजुरास मॅजिस्ट्रेटसमोर उभे करता येत असे. मॅजिस्ट्रेटने पैसे परत करण्याचा अथवा काम पुरे करण्याचा हुकूम द्यावा, आणि तो मोडल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद सुनवावी, अशी त्यात तरतूद होती. मालकाने करार मोडला तर मात्र मजुराने दिवाणी दावा लावावा. एकाच कराराचे दोन पक्ष. एकाने तो मोडला तर गुन्हा, दुसऱ्याने मोडला तर नुसते देणे! हा कायदा रद्द होण्यास १९२५ साल उजाडावे लागले, ह्यावरून त्याची मुळे किती खोल गेली होती ते समजून येईल.

त्याच सुमारास भोर घाटात लोहमार्गाचे काम चालू होते. १८५९ च्या प्रारंभी मजुरी थकल्यावरून तेथील मजुरांनी दंगा केला, आणि पुढल्याच वर्षी लोहमार्ग, कालवे व अन्य सार्वजनिक बांधकामांवरील मजुरांच्या वेतनाचे तंटे मॅजिस्ट्रेटांनी झटपट मिटवावे असा कायदा झाला. मजुराला आपल्या पैशांसाठी न्यायासनासमोर जाता यावे, ही कल्पना आपल्याकडे अशी घाटातल्या दंग्यातून कायद्यात शिरली. परंतु ह्याही कायद्यात करार मोडणाऱ्या मजुराला शिक्षा होतीच, आणि सुरुंगात अथवा दरडीखाली सापडलेल्याविषयी त्यात अक्षर नव्हते.

२

अपघाताविषयी कायदा मुळीच नव्हता असे मात्र नाही. १८५५ साली प्राणघातक अपघातांचा कायदा झाला होता. त्यापूर्वी इंग्रजी न्यायाचे तत्त्व असे की, माणसाच्या देहाला झालेल्या इजेबद्दल दावा लावण्याचा हक्क त्या माणसाबरोबरच मरतो. परिणामी एखाद्याला जखमी करणे महाग पडे आणि ठार करणे स्वस्त. इंग्लंडात १८४६ साली आणि आपल्याकडे १८५५ साली ही विसंगती दूर झाली. मृताची पत्नी, पती, आईबाप व मुले ह्यांस दाव्याचा हक्क मिळाला. परंतु त्यासाठी दुसऱ्याची चूक अथवा हयगय सिद्ध करावी लागे, आणि चूक सिद्ध करण्याच्या वाटेवर इंग्रज न्यायाधीशांनी तीन धोंडे टाकून ठेवले होते.

पहिला, मजुराच्या स्वतःच्या हयगयीचा. दुसरा, त्याने धोका जाणूनबुजून पत्करल्याचा. तिसरा आणि सर्वांत अवजड धोंडा ‘सहकाऱ्याच्या चुकी’चा. त्याचे मूळ १८३७ सालच्या एका इंग्रजी खटल्यात सापडते. एका खाटकाचा नोकर माल भरलेल्या गाडीतून जात असता गाडी मोडली आणि त्याच्या मांडीचे हाड मोडले. गाडीत ओझे फाजील भरले होते असे त्याचे म्हणणे होते. ज्यूरीने त्याला शंभर पौंड देवविले. वरिष्ठ न्यायासनाने ते काढून घेतले. लॉर्ड अबिंजर ह्यांनी विचारले की, अशा बाबतीत मालकाला जबाबदार धरले तर उद्या मोलकरणीने ओलसर अंथरूण घातले म्हणून दुसरा नोकर मालकाला कोर्टात ओढणार नाही कशावरून? ह्या ओलसर अंथरुणाच्या भयातून पुढे असा नियम रूढ झाला की, एका नोकराच्या चुकीने दुसऱ्या नोकरास इजा झाली तर मालक जबाबदार नाही. कारण सहकाऱ्यांच्या चुकांचा धोका नोकराने नोकरी पत्करतानाच पत्करलेला असतो.

खाटकाच्या दुकानात दोन नोकर एकमेकांस ओळखत असतील, एकमेकांस सावधही करीत असतील. परंतु हजारो माणसांच्या गिरणीत बॉयलरवर कोण उभा आहे आणि रेल्वेत सांधेवाला कोण आहे हे कोणास ठाऊक? दुकानाचा न्याय कारखान्याला लावला गेला आणि त्याचे ओझे मजुराच्या शिरी आले. आमच्या मते त्या काळच्या न्यायाधीशांचा दोष निर्दयतेचा नव्हता. ज्या जगासाठी ते नियम करीत होते ते जग त्यांच्या डोळ्यांदेखत बदलत होते, आणि त्या बदलाकडे पाहण्याची त्यांस सवय नव्हती.

३

ज्याला हे ओझे वाहावे लागत होते त्याच्या बाजूने आपल्याकडे पहिला स्पष्ट उच्चार झाला तो मुंबईत, १८८४ साली. नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि ‘दीनबंधू’चे संपादक. त्यांच्या पुढाकाराने त्या वर्षीच्या सप्टेंबरात गिरणी कामगारांच्या सभा भरल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सिद्ध झाले. रविवारची सुटी, मध्यान्ही अर्ध्या तासाची विश्रांती, कामाचे आटोपशीर तास, पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार ह्या मागण्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत. रविवारच्या सुटीमुळे लोखंड्यांचे नाव राहिले. परंतु त्याच निवेदनातील पाचवी मागणी सहसा कोणी आठवत नाही: काम करीत असता गंभीर इजा झालेल्या कामगारास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा अपंग झाल्यास त्याच्या चरितार्थाची योग्य सोय व्हावी.

ह्या मागणीत ‘मालकाची चूक असल्यास’ अशी अट नाही, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे. त्याच १८८४ साली जर्मनीत बिस्मार्कच्या राजवटीत चुकीचा प्रश्न बाजूला सारणारा अपघात-विम्याचा कायदा झाला. इंग्लंडला हे तत्त्व स्वीकारण्यास १८९७ साल लागले. मुंबईच्या कामगारांनी कोणत्या परदेशी कायद्याचा अभ्यास केला नव्हता. त्यांनी एवढेच पाहिले होते की हात गेलेल्या माणसाला भूक तितकीच लागते, मग चूक कोणाचीही असो. लोखंडे १८९७ साली वारले. त्यांची पाचवी मागणी हिंदुस्थानच्या कायद्यात उतरली ती त्यानंतर सव्वीस वर्षांनी.

४

कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली मंजूर झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. त्याने न्यायाचा मूळ प्रश्नच बदलला. ‘चूक कोणाची?’ असे न विचारता ‘काम कोणाचे?’ असे विचारावयाचे. ज्याचे काम, त्याची जबाबदारी. यंत्राची झीज जशी धंद्याच्या खर्चात धरली जाते तशीच माणसाची झीज धरावयाची, हे त्यामागील तत्त्व. अर्थात अपवाद होते. पहिल्या दहा दिवसांच्या असमर्थतेबद्दल काही मिळत नसे. ही मुदत पुढे १९३३ साली सात दिवसांवर आणि १९५९ साली तीन दिवसांवर आली. दारूच्या अमलात असलेल्या अथवा सुरक्षिततेचे नियम बुद्ध्या मोडणाऱ्या कामगारास भरपाई नव्हती. १९३३ नंतर मृत्यूच्या बाबतीत ही सबब चालेनाशी झाली.

तत्त्व उदात्त खरे, पण त्याचा हिशेब पाहिला म्हणजे मन चरकते. मृत्यूबद्दल तीस महिन्यांचा पगार अथवा अडीच हजार रुपये, ह्यांपैकी जी रक्कम कमी ती. कायमच्या संपूर्ण असमर्थतेबद्दल बेचाळीस महिन्यांचा पगार अथवा साडेतीन हजार रुपये, ह्यांपैकी कमी ती. अंशतः असमर्थतेसाठी अवयवांचे कोष्टक: उजवा हात कोपरापासून वा त्यावर गेल्यास शेकडा ७०, डावा गेल्यास ६०, एक डोळा ३०, अंगठा २५, तर्जनी १०, बाकीच्या बोटांपैकी कोणतेही एक ५. समजा, एखाद्या कामगारास दरमहा तीस रुपये मिळत होते. तो मेला तर त्याच्या माणसांस ९०० रुपये. त्याचा उजवा हात गेला तर ८८२, डावा गेला तर ७५६, तर्जनी गेली तर १२६ रुपये. उजवा हात आणि सबंध जीव ह्यांत अंतर अठरा रुपयांचे. मेलेल्याला खावयास लागत नाही, म्हणून जिवंत आणि निकामी माणूस मृताहून महाग, असा हा व्यवहार होता. पंधरा वर्षांखालील मुलाच्या मृत्यूबद्दल तर सरसकट २०० रुपये ठरलेले होते. प्रौढ आणि अल्पवयी ह्यांतील हा भेद कायद्यातून जाण्यास १९५९ साल लागले.

कोष्टकाची निंदा करणे सोपे आहे. परंतु त्याच्या पूर्वी काय होते, हेही विसरता कामा नये. पूर्वी तर्जनीचे शून्य रुपये मिळत, आणि तेही वकिलाची फी भरल्यावर.

५

कायद्याने केलेली दुसरी मोठी गोष्ट म्हणजे दिवाणी न्यायालयाला ह्या तंट्यांतून वगळून ते एका स्वतंत्र कमिशनराकडे सोपविणे. कार्यपद्धती आटोपशीर, अपील उच्च न्यायालयाकडे, तेही केवळ कायद्याच्या महत्त्वाच्या मुद्द्यावर. मृत्यूची भरपाई मालकाने कमिशनरांकडे जमा करावयाची; परभारे विधवेच्या हाती दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नसत. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार मुळातच निरर्थक. रकमेविषयी आपसांत तडजोड झाल्यास तिचीही नोंद कमिशनरांकडे झाली पाहिजे.

ही कलमे लिहिणाऱ्यांना आपल्या देशातील व्यवहार ठाऊक होता, असे आम्हांस वाटते. मुंबईच्या गिरणीत काम करणाऱ्याचे घर रत्नागिरीच्या किंवा साताऱ्याच्या खेड्यात. मृत्यूची वार्ता तेथे पोहोचावयाची, कोणीतरी लिहितावाचता माणूस शोधावयाचा, मुंबईस यावयाचे. आणि तोवर मुकादमाने पाचपंचवीस रुपये हातावर ठेवून कागदावर अंगठा घेतलेला असावयाचा. अशा अंगठ्याला कायद्याने किंमत ठेवली नाही, हा त्याचा मोठाच गुण म्हटला पाहिजे.

परंतु हक्क कागदावर असणे आणि तो मागता येणे ह्यांत अंतर असते. १९२९ साली नेमलेल्या आणि १९३१ साली अहवाल देणाऱ्या व्हिटले आयोगास हेच दिसून आले. ना. म. जोशी ह्या आयोगाचे एक सभासद होते. मुंबईत १९११ साली सोशल सर्व्हिस लीग स्थापून त्यांनी चाळींतील कामगारांचे जिणे जवळून पाहिले होते. आयोगाच्या शिफारशींनंतर १९३३ साली दुरुस्ती झाली. कामगाराचा मृत्यू झाल्याचे कळताच कमिशनराने स्वतः मालकाकडून खुलासा मागवावा, असे ठरले. विधवेने न्यायालय शोधीत येण्याऐवजी न्यायालयाने तिच्यासाठी प्रथम तोंड उघडावे, ही आपल्या न्यायपद्धतीत नवलाची गोष्ट होती.

इकडे ‘सहकाऱ्याच्या चुकी’चा तो जुना धोंडा दिवाणी दाव्यांच्या वाटेवर पडूनच होता. १९३७ साली नागपूरच्या उच्च न्यायालयात तो हलविण्याचा प्रयत्न झाला. मुख्य न्यायाधीश स्टोन ह्यांनी असे मत दिले की, न्याय, समता आणि सदसद्विवेक ह्यांना अनुसरून निवाडा करावयाचा तर इंग्लंडचा आजचा कायदा पाहावा, कालचा नव्हे. जो नियम इंग्लंडनेच मोडीत काढावयास घेतला तो आम्ही का कवटाळावा? पुढल्याच वर्षी, १९३८ मध्ये, मालकांच्या जबाबदारीचा कायदा झाला. त्याचा अर्थ प्रिव्ही कौन्सिलने संकुचित लावला, तेव्हा १९५१ साली स्वतंत्र भारताच्या संसदेला तो पुन्हा स्पष्ट करावा लागला. १८३७ साली इंग्लंडात मोडलेल्या एका गाडीची सावली आपल्या कायद्यावरून हटण्यास अशी एकशेचौदा वर्षे लागली.

६

आता त्या चार शब्दांकडे वळू. अपघात ‘कामातून’ उद्भवला पाहिजे आणि ‘कामाच्या ओघात’ घडला पाहिजे. पहिला शब्द कारणाविषयी आहे; उरलेले काळ आणि स्थळ ह्यांविषयी. कायदा करणाऱ्यांनी हे शब्द इंग्लंडच्या कायद्यावरून उचलले आणि त्यांचा अर्थ लावण्याचे काम न्यायाधीशांवर सोडले. चुकीचा वाद कायद्याने दारातून घालविला खरा, पण काम कोठे सुरू होते आणि कोठे संपते, हा वाद खिडकीतून आत आला.

कारणाच्या प्रश्नावर मुंबईच्या उच्च न्यायालयाने १९५३ साली एक महत्त्वाचा निकाल दिला. मुंबई बंदराचा एक पहारेकरी हृद्रोगाने आजारी होता. कामावर असता त्याच्या छातीत दुखू लागले आणि तो मरण पावला. रोग जुना, तेव्हा मृत्यूचा कामाशी संबंध काय, असा प्रश्न होता. मुख्य न्यायाधीश छागला ह्यांनी असे ठरविले की, मृत्यूचे एकमेव कारण काम असले पाहिजे असे नाही. कामाच्या श्रमाने मृत्यू ओढवण्यास हातभार लावला अथवा तो लवकर आणला, एवढे दिसले तरी पुरे. मालक ज्या माणसाला कामावर घेतो तो त्याच्या रोगासकट घेतो, असा ह्या निकालाचा व्यावहारिक अर्थ.

परंतु हा धागा किती ताणावयाचा? १९६१ साली ‘द्वारका’ बोटीवरील एक खलाशी रात्री नाहीसा झाला. आदल्या काळात त्याने छातीत दुखत असल्याची तक्रार केली होती. शोध घेतला, तो सापडला नाही. कमिशनरांनी दावा फेटाळला, मुंबईच्या उच्च न्यायालयाने मंजूर केला, आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने कमिशनरांचा निकाल कायम केला. डोळ्यांदेखतचा साक्षीदार नसला तरी परिस्थितीवरून अनुमान काढता येते, हे न्यायालयाने मान्य केले. परंतु अनुमानाला काहीतरी आधार लागतो आणि समुद्राने येथे तो मागे ठेवला नव्हता. ह्या निकालाला चूक म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. एवढेच म्हणू की, जो माणूस रात्रंदिवस मालकाच्याच बोटीवर राहतो, तेथेच जेवतो आणि निजतो, त्याच्या बाबतीत पुराव्याचा भार कोणी वाहावा ह्याचा विचार कायद्यानेच अधिक उदारपणे करावयास हवा होता.

७

स्थळाच्या प्रश्नावर दोन निकाल शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. पहिला पोरबंदरचा. सौराष्ट्र सॉल्ट मॅन्युफॅक्चरिंग कंपनीच्या मिठागरात काम करणारे मजूर संध्याकाळी घरी परतताना एक खाडी होडीने ओलांडीत. १९५२ च्या पावसाळ्याच्या तोंडी हवा खराब होती, होडीत माणसे फार झाली, ती उलटली आणि काही मजूर बुडाले. वारसांना मिळालेली भरपाई सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली रद्द केली. न्यायालयाने एक तत्त्व मात्र मान्य केले: मालकाची जागा कुंपणापाशीच संपते असे नाही, कामाची हद्द स्थळाने आणि काळाने थोडी पुढे-मागे सरकू शकते. ह्याला ‘कल्पित विस्तार’ असे नाव आहे. परंतु ही होडी सर्वांना खुली असलेली उताराची होडी होती आणि खाडी ही सार्वजनिक वाट होती. तेव्हा काम किनाऱ्यावर संपले. होडीत बसला तो मजूर नव्हे, उतारू.

दुसरा निकाल मुंबईचा. ‘बेस्ट’चा एक बसचालक १९५७ च्या जुलैत जोगेश्वरीच्या आगारात आपली पाळी संपवून सांताक्रूझला घरी जाण्यासाठी ‘बेस्ट’च्याच दुसऱ्या बसमध्ये चढला. बस उभ्या लॉरीवर आदळली. तो बाहेर फेकला गेला आणि मरण पावला. कमिशनरांनी दावा नाकारला. उच्च न्यायालयाने तो मान्य केला आणि १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने त्यावर शिक्कामोर्तब केले. सुब्बा राव ह्यांच्या बाजूने मुधोळकर, आणि रघुबर दयाळ ह्यांचे मत भिन्न. बहुमताचा विचार असा: मुंबईसारख्या पसरलेल्या शहरात चालक वेळेवर यावा आणि थकून न जाता परतावा ह्यातच संस्थेचे हित, गणवेशातील चालकाला बसने जाऊ देणे ही मेहेरबानी नसून सेवेचाच एक भाग, आणि शहरभर धावणाऱ्या साऱ्या बसगाड्या मिळून ह्या संस्थेचे एकच कामाचे ठिकाण.

दोघेही कामावरून घरी जात होते. एक होडीत होता, एक बसमध्ये. एकाच्या वारसांचे हात रिकामे राहिले आणि दुसऱ्याच्या विधवेला न्याय मिळाला. कायद्याच्या दृष्टीने फरक आहे आणि तो आम्हांस समजतो: होडी मालकाची नव्हती, बस मालकाची होती. परंतु मिठागराच्या मजुराने खाडी ओलांडली नसती तर मीठ कोणी काढले असते? मालकाला मजूर खाडीपलीकडे हवा असतो. मग त्या खाडीचा धोका एकट्या मजुराचा कसा? ह्या प्रश्नाला १९५८ च्या निकालात उत्तर नाही, कारण कायद्यानेच ते दिलेले नव्हते.

राज्य विमा योजनेच्या क्षेत्रातही हाच पेच आला. प्रा. बी. पी. आडारकर ह्यांच्या १९४४ च्या अहवालातून सिद्ध झालेला कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ साली झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. तिच्यात भरपाईचा भार एका मालकावर न पडता सर्वांवर वाटला जातो, म्हणून ती अधिक उदार असेल अशी अपेक्षा. तरीही केरळातील एक कामगार पाळीसाठी सायकलने येत असता कारखान्यापासून सुमारे एक किलोमीटरवर लॉरीने जखमी झाला, तेव्हा ही कामातील इजा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली ठरविले. वाट सर्वांची, तेव्हा धोकाही सर्वांचा, असा त्याचा आशय.

८

अवयवांच्या कोष्टकावरही न्यायालयांस विचार करावा लागला. ओरिसातील एका चित्रपटगृहात नक्षीकाम करीत असता एक सुतार १९६८ साली पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. कोष्टकाप्रमाणे ही असमर्थता अंशतः. उजवा हात शाबूत होता ना! परंतु सुतारकाम एका हाताने होत नाही, ही गोष्ट कमिशनरांस दिसली आणि १९७५ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयासही पटली. ह्या माणसाची सुतार म्हणून कमावण्याची सर्व शक्ती गेली, म्हणून भरपाई संपूर्ण असमर्थतेची. शिवाय भरपाईचे देणे कमिशनराच्या निकालाच्या दिवशी नव्हे, अपघाताच्या दिवशीच उत्पन्न होते, आणि ते अडवून धरणाऱ्यास दंड व व्याज सोसावे लागेल, असेही न्यायालयाने बजावले. एका सुताराच्या हाताने असा साऱ्या देशातील अपंग कामगारांस आधार दिला.

तथापि पैसे मिळाले म्हणजे सारे मिळाले असे नाही. हात गेलेल्या माणसाची नोकरीही जाते. नोकरीच्या तंट्यांत न्यायालयांचा जुना नियम असा की, नोकरीचा करार मोडल्यास नुकसानी मिळेल, नोकरी परत मिळणार नाही. नको असलेला नोकर मालकाच्या गळ्यात बांधता येत नाही. १९४७ च्या औद्योगिक तंट्यांच्या कायद्याने हा नियम सैल केला आणि औद्योगिक न्यायमंडळाला कामगारास पुन्हा कामावर घेण्याचा हुकूम देता येतो, हे फेडरल कोर्टाने १९४९ साली मुंबईच्याच एका प्रकरणात मान्य केले. परंतु तो उपाय अन्यायाने काढलेल्या धडधाकट माणसासाठी. सेवेत असता अपंग झालेल्या माणसाला सेवेतून दूर करता येणार नाही, हे १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्याने सांगितले, तेही सरकारी आस्थापनांपुरते. कर्तव्य बजावीत असता पाय गमावलेल्या एका शिपायाला घरी बसविण्यात आले, तेव्हा २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या कलमाच्या बळावर त्याची सेवा कायम राखली. जुने काम जमत नसेल तर दुसरे द्यावे, पण वेतन तेच. हातापायांचे पैसे आणि हातापायांचे काम हे दोन्ही हक्क एकत्र पाहावयाचे असतात, ही जाणीव आपल्या कायद्याला एवढ्या उशिरा आली.

९

मधल्या काळात रकमांचे कोष्टकही बदलले. १९८४ पासून वयानुसार गुणक आला. मृत्यूच्या भरपाईसाठी आता मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला त्या गुणकाने गुणतात. २०२० साली हिशेबासाठी वेतनाची मर्यादा पंधरा हजार रुपये करण्यात आली. पंचवीस वर्षांच्या कामगाराचा गुणक २१६.९१, म्हणजे त्या वेतनावर भरपाई १६,२६,८२५ रुपये. मालकाच्या धंद्याशी संबंध नसलेल्या तात्पुरत्या कामावरील मजुरास वगळणारे शब्द २००० साली काढून टाकण्यात आले. २००९ च्या दुरुस्तीने ‘कामगार’ जाऊन ‘कर्मचारी’ हा शब्द आला, आणि कमिशनरांनी तीन महिन्यांत निकाल द्यावा असे ठरले. राज्य विम्याच्या कायद्यात २०१० साली असे कलम घालण्यात आले की, घर आणि कामाचे ठिकाण ह्यांच्या दरम्यान घडलेला अपघात, त्या प्रवासाचा कामाशी संबंध दिसत असेल तर, कामातलाच समजावा.

ह्या कलमाने जुन्या कायद्याखालील दाव्यांचे काय करावयाचे? त्याचे उत्तर मराठवाड्यातील एका साखर कारखान्याच्या पहारेकऱ्याने आपल्या मृत्यूने मिळविले. त्याची पाळी पहाटे तीनला सुरू होई. २००३ च्या एप्रिलात तो मोटारसायकलने कामावर निघाला आणि कारखाना सुमारे पाच किलोमीटरवर असता अपघातात गेला. मागे पत्नी, मुले आणि आई. कमिशनरांनी भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि २०२५ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती परत दिली. दोन्ही कायदे एकाच हेतूचे, तेव्हा दोन्हींतील त्या चार शब्दांचा अर्थ एकच असला पाहिजे, आणि २०१० चे कलम नवा हक्क देणारे नसून जुना अर्थ स्पष्ट करणारे आहे, असे न्यायालयाने म्हटले. रात्री अडीच-तीनच्या अंधारात माणूस रस्त्यावर असतो तो हौसेने नव्हे, पाळी गाठण्यासाठी, हे अखेर कायद्याच्या दृष्टीस पडले. पोरबंदरच्या खाडीपाशी थांबलेला कामाचा उंबरठा सदुसष्ट वर्षांनी रस्त्यावर आला.

परंतु त्या घरातील मुलांचे वय ह्या काळात किती वाढले असेल, ह्याचा हिशेब कोणत्याही कोष्टकात नाही. अपघात २००३ चा, अंतिम निकाल २०२५ चा. ज्या कायद्याने आटोपशीर न्यायासाठी दिवाणी न्यायालयाला दूर ठेवले, त्याच्याच वाटेवर एका कुटुंबाची बावीस वर्षे गेली. भरपाई अपघाताच्याच दिवशी देय होते, हे सुताराच्या खटल्यातील तत्त्व खरे असेल, तर बावीस वर्षांचा विलंब हा कायद्याच्या अर्थाविषयीचा वाद राहत नाही. तो मूळ अपघातावर घडलेला दुसरा अपघात ठरतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षेची संहिता लागू झाली आणि १९२३ चा कायदा तिच्यात सामावला. कमिशनर जाऊन ‘सक्षम प्राधिकारी’ आला. घर ते कामाच्या वाटेवरील अपघाताचे तत्त्व आता संहितेतच लिहिलेले आहे. मात्र ह्याच संहितेत कामकऱ्यांचा एक नवा वर्ग आहे: मालक-नोकर ह्या रूढ नात्याबाहेर, मोबाइलवरील मागणीप्रमाणे माल पोहोचविणारा आणि उतारू नेणारा. त्याच्यासाठी अपघातविम्याच्या योजना करता येतील असे संहिता म्हणते. पण भरपाईचा जो हक्क साखर कारखान्याच्या पहारेकऱ्याला होता तो त्याला देत नाही, कारण त्याला मालकच नाही असे गृहीत धरलेले आहे. ज्याचा सारा दिवस रस्त्यावर जातो, त्याच्या बाबतीत काम कोठे संपते हा प्रश्न उरलाच नाही. त्याच्यापुरता प्रश्न इतकाच की काम कोणाचे. १९२३ साली कायद्याने हाच प्रश्न न्यायासनासमोर ठेवला होता. त्याला टाळून पुढे जाता येईल असे समजणाऱ्यांनी लोखंड्यांच्या निवेदनातील पाचवी मागणी एकदा वाचून पाहावी, असे आम्हांस वाटते.